नानांचा रेल्वेसंग्रह आणि वर्षश्राद्धाची स्मरणिका: सुरुवात कुठून करावी?

बार्शी_टाऊन (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमचे वडील, नाना, गेल्या श्रावणात गेले. पोस्टात कारकून होते. रेल्वेशी नोकरीचा काही संबंध नाही, पण बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या जुन्या छोट्या रेल्वेचं वेड शेवटपर्यंत. ऑफिस सुटलं की स्टेशन, तिथून भाजी घेऊन घर. रविवारी आम्हा भावंडांना घेऊन कुर्डुवाडी, नाहीतर येडशीकडचा घाट.

मागे राहिलेलं सामान असं: पुठ्ठ्याची तिकिटं तीन-चारशे (काही वहीत डिंकाने चिकटवलेली, बाकी रबर लावून गठ्ठ्यात), वेळापत्रकांचे ढीग, रोजच्या डायऱ्या, क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या कृष्णधवल निगेटिव्ह, इंजिनाच्या आवाजाच्या काही कॅसेट, एक पितळी नंबर प्लेट आणि माडीवर प्लायवर बांधलेलं कुर्डुवाडी स्टेशनचं मॉडेल. छोट्या गाडीचा रूळ ९ मिमीचा आहे.

वर्षश्राद्धाला ४०-४८ पानांची स्मरणिका काढायची आहे. धाकटा भाऊ म्हणतो वेळापत्रकं रद्दीत द्या, आई म्हणते कशालाच हात लावू नका. आधी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, ते जाणकारांनी सांगावं.

---

कागदपत्री

आईंचं ऐका, निदान पहिला आठवडा तरी. संग्रह लावायला बसलं की लोक पहिल्या दिवशी तिकिटं स्टेशनवार आणि वेळापत्रकं सालवार लावतात. टापटीप होते, पण त्या माणसाने काय कशाशेजारी का ठेवलं होतं ते कायमचं पुसलं जातं. एका गठ्ठ्यात मिरजेची चार तिकिटं, एक लग्नपत्रिका आणि हॉटेलचं बिल असेल, तर तो गठ्ठा म्हणजे एक प्रवास आहे. तिकिटं वेगळी काढलीत की उरतात चार तिकिटं.

म्हणून क्रम असा ठेवा. कपाटाचं दार उघडून एक फोटो, मग प्रत्येक कप्प्याचा, मग प्रत्येक डबा उघडून वरून. कप्पा-डबा-गठ्ठा असा क्रमांक द्या (२-३-०७ म्हणजे दुसरा कप्पा, तिसरा डबा, सातवा गठ्ठा). तो चिठ्ठीवर २बी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने नको, दाबाचा वळ खालच्या कागदावर उमटतो आणि शाई पुढे पसरते. एका एक्सेलमध्ये क्रमांक, वस्तू, तिच्यावर लिहिलेलं जसंच्या तसं, तारीख (छापील की अंदाजे), आणि "घरातलं कोण ओळखतं" एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना आईंजवळ बसून भरा. महत्त्वाचा तोच आहे.

रबर बँड लगेच काढा. जुनं रबर आधी चिकट होतं, मग कडक होऊन कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं. चिकटलेलं असेल तर ओढू नका, तुकडे करून सुट्टं होईल तेवढंच घ्या. जागी पांढरी सुती नाडी बांधा. गंजलेली पिन ओढून काढायची नसते. मागच्या बाजूने तिचे दोन पाय पातळ सुरीने सरळ करायचे आणि पुढून उचलायची. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्हीला बंदी. लॅमिनेशन परत काढता येत नाही.

कसर लागलेली दिसली तर डांबरगोळ्या टाकू नका. कागद जाड प्लास्टिक पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या. लगेच उघडली तर कागदावर दव धरतं. फोटो आणि निगेटिव्हला हा उपाय करू नका.

वेळापत्रकांबद्दल भावाला सांगा: ज्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत ते एकही जाणार नाही. कोऱ्या दुबार प्रती खुशाल द्या. "कार्यालयीन उपयोगासाठी" छापलेली वर्किंग टाइमटेबलं असतील तर ती बाजूला ठेवा. क्रॉसिंग कुठे, वेगमर्यादा किती, हे सगळं त्यात असतं, आणि ती रद्दीवाल्याकडे सहसा मिळत नाहीत.

डायऱ्या वाचताना तारीख नसलेली पानं अडवतात. काही खुणा उपयोगी पडतील. गाडीचा क्रमांक पाच आकडी असेल तर नोंद २० डिसेंबर २०१० नंतरची. चार आकडी असेल तर त्याआधीची वीसेक वर्षं. मेल-एक्स्प्रेसचा "अमुक अप, तमुक डाऊन" असा एक ते तीन आकडी असेल तर बहुधा आणखी जुनी. मध्य रेल्वेत अप म्हणजे मुंबईकडे. "आरटी" म्हणजे वेळेवर, "लोड" म्हणजे किती डबे. फोटोत डब्यावर किंवा पाटीवर दमरे दिसलं तर दचकू नका: सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेत परत आला. कुर्डुवाडीच्या तशा फोटोला ही अकरा वर्षांची चौकट आपोआप मिळते.

---

पुठ्ठा_तिकीट

तिकिटांपुरतं सांगतो.

ही एडमंडसन पद्धतीची तिकिटं, ५७ × ३०.५ मिमी. तारीख शाईने छापलेली नसायची, खिडकीवरच्या यंत्रात तिकीट सरकवलं की एका टोकाला तारीख ठोकली जायची. बऱ्याच तिकिटांवर आता तो फक्त दाबाचा वळ उरलेला असतो. समोरून दिसत नाही, स्कॅनरमध्येही येत नाही, कारण स्कॅनरचा उजेड सपाट पडतो. तिकीट काळ्या कापडावर ठेवा, खोलीत अंधार करा, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि तिकीट हळूहळू फिरवा. एका कोनात आकडे उठून दिसतात, तिथेच फोटो काढा. म्हणूनच तिकिटं सपाट करायला जाड पुस्तकाखाली ठेवू नका. वळ दबला की तारीख गेली.

स्कॅन वेगळा करा, १२०० डीपीआयला, दोन्ही बाजू. मागच्या बाजूला नानांनी काही खरडलेलं असण्याची शक्यता मोठी.

डिंकाने चिकटवलेली तिकिटं पाण्यात भिजवू नका. पुठ्ठ्याचा रंग आणि लाल छपाई दोन्ही उतरतात. वहीचं पान तसंच ठेवा. पान फारच खराब असेल तर तिकिटाभोवती बोटभर जागा सोडून पानच कापा. सुट्टी तिकिटं पॉलिप्रॉपिलिनच्या कप्प्यांत ठेवा. पीव्हीसीचे अल्बम, ज्यांना नवीन असताना रेक्झिनसारखा उग्र वास येतो, ते नकोत. काही वर्षांत छपाईची शाई प्लास्टिकला चिकटून निघते.

काळ ठरवायचा तर भाडं बघा. आणे असतील तर १ एप्रिल १९५७ पूर्वीचं, "नवे पैसे" असेल तर १९५७ ते १९६४. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. बार्शी लाइट कंपनीच्या नावाचं तिकीट सापडलं तर ते १ जानेवारी १९५४ पूर्वीचं, म्हणजे सरकारने कंपनी घेण्याआधीचं, आणि बहुधा नानांना कुणीतरी दिलेलं. जुन्या तिकिटांवर "बार्शी रोड" असेल ते कुर्डुवाडीच, बार्शी गाव नव्हे. स्मरणिकेत हा घोळ हमखास होतो.

आता कुटुंबाच्या कामाची गोष्ट. लहान मुलाचं अर्धं तिकीट देताना कारकून पुठ्ठ्याचा कोपरा कापून घ्यायचा. एकाच तारखेची, लागोपाठच्या क्रमांकांची दोन अख्खी आणि कोपरा कापलेली दोन तिकिटं म्हणजे आई, नाना आणि दोन मुलं एका गाडीत. क्रमांक लागून आहेत का ते आधी पाहा, मग तारीख. मात्र तिकीट नाही म्हणजे प्रवास नाही असं धरू नका. उतरल्यावर तिकीट फाटकावर द्यावं लागायचं. घरी उरतात ती टीसीने न घेतलेली किंवा मागून ठेवून घेतलेली.

---

निगेटिव्ह_खोली

क्लिक थ्री म्हणजे १२० चा रोल, ६ × ६ सेंमीच्या बारा चौकटी. फिल्ममागून उजेड टाकायची सोय असलेल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला बाजूला सुमारे ५३०० पिक्सेल मिळतात. त्या भिंगातून याहून जास्त काही निघत नाही, उगाच ६४०० ला स्कॅन करून फाइल फुगवू नका. सोबत ३५ मिमीच्या पट्ट्या असल्या तर ३२०० ठेवा. १६ बिट ग्रेस्केल टिफ ही मूळ प्रत, बाकी सगळ्या जेपीजी तिच्यावरून.

दोन गोष्टी जवळपास सगळीकडे चुकतात. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई कृष्णधवल फिल्मला बंद ठेवायची असते. चंदेरी कणांनाच ती धूळ समजते आणि इंजिनाच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या दिसतात. दुसरं, पट्टी उलटी लागते. मंद बाजू आणि चकाकती बाजू ओळखता आली नाही तर स्टेशनची पाटी किंवा इंजिनाचा नंबर सरळ वाचता येतो का ते बघा. पाटी नसलेल्या फोटोत शर्टाची बटणं पाहा. पुरुषाच्या शर्टाची उजवी पट्टी खाली असते.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. ॲसिटेटचा पाया सुटायला लागलेला असतो, आणि ती वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधते. स्कॅनला पहिला नंबर तिचा. बुरशीचे ठिपके असतील तर पाण्याने पुसू नका, बुरशीने जिलेटिन पोखरलेलं असतं आणि चित्रच पुसलं जातं.

कॅसेट: लावण्याआधी वरचे दोन टॅब तुटलेले आहेत का बघा, नसतील तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसणार नाही. आत पट्टीमागे स्पंजावरचा छोटा दाबपट्टा असतो, तो गळून पडला की आवाज घुसमटतो. टेप खराब झाली असं वाटतं, पण ती दुसऱ्या कवचात घातली की नीट वाजते. डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. आवाजाची पातळी शिट्टीवर धरून लावा, चाकांच्या ठेक्यावर नको, नाहीतर शिट्टीला फाटतो. आणि "गोंगाट कमी करा" हे बटण दाबू नका. वाफेचा आवाज हा गोंगाटच आहे, सॉफ्टवेअर तोच काढून टाकतं.

---

ब्लॉक_सेक्शन

पितळी प्लेटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ नुसार संशय आला तर वस्तू कायदेशीर मार्गाने आली हे दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडली त्याच्यावर असते. प्लेट, हातदिवा, टोकनचा गोळा (एकेरी मार्गावर पुढे जायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला देतात तो), सगळ्याला हे लागू. नानांच्या फायलींमध्ये भंगार लिलावाची पावती, डिलिव्हरी चलन किंवा कारखान्याचं पत्र शोधा. बहुतेक डायरीत त्या तारखेलाही नोंद असेल. मिळालं तर प्लेटच्या फोटोसोबत एका फायलीत ठेवा. नाही मिळालं तर आधी वकील, मग विभागीय कार्यालयाला पत्र. तोवर ऑनलाइन विक्रीला लावणं किंवा स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापणं दोन्ही टाळा.

आणि ती ब्रासोने घासू नका. अक्षरांमधला जुना रंग जातो. कोरडं मऊ कापड पुरे.

---

बार्शी_टाऊन

सगळ्यांचे आभार. पावती सापडली, विम्याच्या फायलीत होती. टॉर्चचा उपाय आज करून पाहिला, पंधरा तिकिटांच्या तारखा मिळाल्या. मॉडेलचं काय? त्या दिवशी नातवंडांसाठी चालू करता आलं तर बरं. ट्रान्सफॉर्मर जुना आहे, वायरला चिरा आहेत. इंजिनाचा सांगाडा पत्र्याचा, हाताने बनवलेला.

---

नऊ_मिमी

लगेच प्लग लावू नका.

९ मिमी रूळ म्हणजे नानांनी हिशेब अगदी बरोबर केला आहे. बार्शी लाइटच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी. १:८७ या मॉडेलच्या प्रमाणाने, म्हणजे ८७ ने भागलं की ८.७६, म्हणून एन स्केल या आणखी लहान मॉडेलांसाठीचा बाजारातला ९ मिमी रूळ वापरतात. खाली बहुधा एन स्केलचाच तयार सांगाडा असेल, वर पत्र्याचं इंजिन. चाकं मोजा: आठ चालकचाकं आणि मागे चार लहान चाकं असतील तर ते ०-८-४ (पुढची, चालक आणि मागची चाकं) टाकीचं इंजिन, बार्शी लाइट उभारणारे इंजिनिअर कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावर इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांचं. पुढेही चार लहान चाकं असतील तर त्यानंतरचा बी वर्ग. फोटोओळीत वर्ग लिहायचा तर एवढं बघूनच लिहा.

शेजारचा मोठा रूळ १६.५ मिमीचा असणार. ब्रॉडगेजचे १६७६ मिमी खरं तर १९.३ व्हायला हवेत, पण तसा रूळ बाजारात मिळत नाही. त्यामुळे दोन्ही गेजमधला फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. ती नानांची चूक समजू नका.

चिरा पडलेल्या वायरचा ट्रान्सफॉर्मर आठवण म्हणून ठेवा. चालवायला नवा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर घ्या, ९ मिमीला एक आणि १६.५ ला वेगळा. दोन्ही सर्किटं एकत्र करू नका. जर्मन मार्क्लिनचं एखादं मोठं इंजिन असेल (रुळाच्या मध्ये खिळ्यांची रांग दिसेल), तर ते वेगळ्या पद्धतीचं, तिकडचे जुने ट्रान्सफॉर्मर एसी असतात. तो एसी साध्या डीसी इंजिनाला दिला तर ते नुसतं गुणगुणतं आणि मोटर जळते.

इंजिन उलटं करून बोटाने चाक हलवून बघा. अडत असेल तर आत वंगण सुकून डिंक झालेलं आहे. सांगाडा उघडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने गिअर पुसा, वाळू द्या, मग शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच, फक्त धुऱ्यांना. जास्त घातलं तर ते मोटरच्या कॉम्युटेटरवर (वीज घेणाऱ्या फिरत्या तांब्याच्या भागावर) जातं, काळी पेस्ट होते आणि ठिणग्या पडायला लागतात. मग ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी चाकांना दोन सेकंद लावा. फिरलं तरच रुळावर ठेवा.

रूळ त्याच अल्कोहोलने, न उसवणाऱ्या कापडाने पुसा. सँडपेपर नको, ओरखड्यांत पुन्हा काजळी बसते. गाडी एकाच जागी थांबत असेल तर दोष बहुतेक रुळांच्या जोडपट्टीत असतो; माडीवरच्या उन्हाळ्यात ती सैलावते. जोडपट्टी बदलत बसण्यापेक्षा त्या तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. पावसाळ्यात प्लाय बाकलेला असेल तर त्याला सरळ करायच्या फंदात पडू नका, रूळ उखडतील. खालून पाचर घाला.

बोर्ड हलवावा लागला तर वायर कापण्याआधी दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा आणि खालून फोटो घ्या. गाड्या, झाडं, माणसं काढून ठेवताना कोण कुठे उभं होतं तेही टिपा. मॉडेलवर घरातली माणसं रंगवून उभी करायची सवय अनेकांना असते, भिंगातून एकदा बघाच.

---

छापखाना_गल्ली

स्मरणिकेचं: मध्ये पिन मारायची तर पानं चारच्या पटीत, ४८ बरोबर बसतात. ए५ आकार, आतला कागद ९० जीएसएम मॅपलिथो, फोटोंची १६ पानं १३० चा मॅट आर्ट आणि ती मधोमध, कव्हर २५० ते ३००. दोनशे-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, त्यापुढे ऑफसेटचा दर विचारा.

फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआय. प्रेसला व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये बदलणार असेल तर "फेऱ्या", "कर्मचाऱ्यांचा", "कुऱ्हाड" हे शब्द पीडीएफमध्ये शोधून बघा. अर्धा र तिथेच मोडतो. कृष्णधवल फोटो ग्रेस्केल ठेवा, मजकूर एकाच काळ्या शाईत.

मजकुराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बार्शी लाइटच्या इतिहासाला अर्धं पान द्या, चौकटीत: कॅलथ्रॉप, १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी, पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरज, एकूण सुमारे ३२५ किलोमीटर, १९५४ ला सरकारकडे. हे कुठेही मिळतं. बाकीची पानं नानांना द्या. नातेवाइकांकडून "दोन शब्द" मागितलेत तर सगळे "प्रेमळ, शिस्तप्रिय, हसतमुख" लिहून पाठवतील. त्याऐवजी प्रत्येकाला तीनच प्रश्न पाठवा: बार्शीला कोणत्या गाडीने आलात, आणायला कोण आलं होतं, नानांनी वाटेत काय दाखवलं? उत्तरं लहान येतील पण प्रत्येक वेगळं असेल. तारखा डायरीशी ताडून घ्या. आठवण आणि डायरी जुळत नसतील तर आठवण तशीच छापा आणि खाली डायरीतली ओळ द्या.

डायरीचं एक पान पूर्ण आकारात छापा, गाडीचा उशीर आणि भाजीचा हिशेब एकाच पानावर असेल असं निवडून. त्यात उसनवारी, आजारपण असलं काही असेल तर आधी आईंना दाखवा.

शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा, स्क्रीनवर नाही. एकाने गाडी क्रमांक आणि साल मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने डायरीत बोट ठेवायचं. प्रेसला आठ दिवस हातात ठेवून द्या.

---

कागदपत्री

वरच्यात एक भर: सगळ्या स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि ती एक्सेल फाइल दोन्हींत हवी. नुसत्या फोटोंच्या फोल्डरचा दहा वर्षांनी काही उपयोग नाही, कोणता गठ्ठा कोणता ते कळत नाही. मूळ वस्तू आईंच्या कपाटातच राहू द्यायला हरकत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खालचा कप्पा रिकामा ठेवा, आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा तापवून परत ठेवा.